रॉकेलचा डबा

रॉकेलचा वास आला की आणीबाणीनंतरची, देवळ्याकडच्या गावातली एक दुपार आठवते. गावच्या विहिरीवर पाणी भरले म्हणून तिथल्या बौद्ध वस्तीतल्या आमच्या एका तरुणाचा हात मोडला होता. मारणाऱ्याची कांदा साठवायची चाळ पेटवायला आम्ही चौघे नाशिकहून आलो होतो. चाळीत राखणदार बायकोसह राहतो, हे आम्हाला माहीत होते. निघताना त्या तरुणाची आई दारात आडवी आली. "वंदनेबिगर आपल्यात कोणतं काम सुरू होत नाय. म्हण रं, पुढारी." आमच्या म्होरक्याने डबा खाली ठेवला, हात जोडले. त्रिसरण झाले. पंचशीलातल्या पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलाशी त्याचा आवाज थांबला. "काय रं, पाठ नाय?" "पाठ आहे, आई." "मग? माझ्या पोराचा हात त्या राखणदारानं मोडला का?" तिने हात पुढे केला. "आण तो डबा. इस्टूत थेंब नाय, चहा पिऊ आन् फिर्याद द्यायला जाऊ." काडेपेटी माझ्या खिशात होती. त्या दिवशी मी तिचा स्टोव्ह पेटवला, दुसरे काही नाही, या विचाराने आजही हायसे वाटते.