कानवाल्या मिस्त्रींचा डबल क्लच

नव्या बायकोला माहेराहून आणायला मी मागून घेतलेली जीप घेऊन आसगावला गेलो, आणि मला जीप चालवता येत नव्हती. अगदीच येत नव्हती असं नाही. सरळ रस्त्यावर, समोर कोणी नसताना, खालच्या दोन गिअरमध्ये येत होती. परतताना तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, चढ लागला. दुसऱ्यातून पहिल्यात यायचं होतं. मी दांडी जिवाच्या आकांतानं ओढली. आत कोणीतरी फुटाणे भरडतंय असा आवाज आला आणि जीप थांबली. शेजारी विमल, मागे तिचा भाऊ आणि तिची पत्र्याची पेटी. मी उतरलो, बॉनेट उघडलं, चेहरा विद्वान केला आणि म्हणालो, "तुझी पेटीच फार जड आहे."

विमल खाली उतरली. समोरून आलेल्या एसटीला भावानं हात केला, पेटी टपावर चढली आणि बायको आसगावला परत गेली. जीप ओढून न्यायला भंडाऱ्याहून कानवाले मिस्त्री आले.

हे नाव त्यांना साऱ्या भंडाऱ्यानं दिलं होतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. तेवढ्यात गाडीचा मालक काही सांगायला लागला की म्हणत, "तुमी थांबा जी. ते गाडी बोलून राहिली ना." बायकोच्या बाबतीतही त्यांचं हेच. दुपारी त्या, म्हणजे आमच्या काकू, गॅरेजवर जेवणाचा डबा घेऊन येत. डबा आदळला तर मिस्त्री निश्चिंत असत. हळूच ठेवला की हातातला पाना खाली ठेवून पुटपुटत, "आज काहीतरी चुकलं आपलं." मग काकूंसमोर मांडी घालून बसत. काकूंचं बोलून होईपर्यंत कुठल्याही मोठ्या माणसाची गाडी तशीच उघडी पडून राही.

मी मिस्त्रींनाही पेटीचीच गोष्ट सांगितली. शाळामास्तर असल्यामुळे उदाहरणांसह सांगितली. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, दोन तुटके दात काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, बाईची पेटी या डब्याच्या आत ठेवली होती का?"

इकडे सासऱ्यांचा निरोप आला होता : पोरीची पेटी हलकी झाली की पाठवतो. दीड महिना झाला तरी ती हलकी होण्याची चिन्हं दिसेनात. आमचा संसार सुरू होण्याआधीच मोडतोय की काय, या धास्तीनं मला जेवण जाईना. शेवटी मिस्त्रींनी मला जीपमध्ये बसवलं.

"ह्या जुन्या गाडीच्या डब्यात दोन दातेरी चाकं आपापल्या गतीनं फिरतात," ते म्हणाले. "जबरीनं भिडवलं का दात तुटते. क्लच दाबा, न्यूट्रलमदी या. क्लच सोडा. जराशी रेस द्या. कान द्या. गती जुळली का मंग पुन्हा क्लच दाबा. दांडी दोन बोटानं पडते. याले डबल क्लच म्हनते." मी करून पाहिलं. सातव्या वेळी पडली. हात पुसत ते म्हणाले, "तुमी न्यूट्रलमदी कधी आलेच नाही जी. घरी बी असंच असन तुमचं. जा आता आसगावले. पन एसटीनं."

मी गेलो. आणि मिस्त्रींचं शास्त्र जसंच्या तसं लावलं. म्हणजे सासऱ्यांच्या ओसरीवर सकाळपासून नुसता बसून राहिलो. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. दुपारी धानाच्या बांधीतून आलेले सासरे सासूबाईंना म्हणाले, "जावयाची वाचा गेली का वो?" अखेर विमल पाणी घेऊन आली.

"कायले आले?"

"ऐकायला," मी म्हणालो.

ती खांबाला टेकून उभी राहिली. "तुमाले गाडी येत नाही, हे मले गावाची शीव सोडाच्या आदीच समजलं होतं. येत नाही म्हटलं असतं तर हासत एसटीनं आली असती. मायनं त्या पेटीत काय काय भरलं, ते तरी विचारलं का तुमी?"

मी विचारलं. तिनं सांगितलं. पाणी भरायचा पितळेचा गुंड, लाखोरीची डाळ, आजीच्या लुगड्याची गोधडी. कोणती वस्तू कुणी दिली आणि देताना काय म्हटलं, सगळं. तासभर मी मध्ये एकदाही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे. दुसऱ्या दिवशी पेटीसह आम्ही दोघं एसटीनं भंडाऱ्याला आलो. पेटी खरोखरच जड होती, पण त्या दिवसानंतर हे मी आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

त्यानंतर मिस्त्री भेटले की विचारत, "कितवा गिअर?" मी सांगे, "पहिला." ते म्हणत, "घाई नोका करू." दिवाळीच्या सुमारास "दुसरा" म्हणालो. होळीनंतर एकदा त्यांनी विचारलं तेव्हा लाजेनं माझे कान तापले. मिस्त्री पेचकस घेऊन दुसऱ्या गाडीकडे वळले आणि तिच्याच कानात सांगावं तसं म्हणाले, "टॉप पडला."

पुढं भंडाऱ्यात नव्या गाड्या आल्या. गिअर कसाही टाका, निमूट पडायचा. मी एकदा त्या गाड्यांचं कौतुक करू लागलो. मिस्त्रींना ते आवडलं नाही. "गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "पन आता कोनाले थांबून आयकाचं कामच नाही राहिलं."

मग ते आजारी पडले आणि त्या दुखण्यातच गेले. जाण्याच्या आठवडाभर आधी मी आणि विमल त्यांना भेटायला गेलो. काकू त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. मी मिस्त्रींचा हात हातात घेतला आणि इतक्या वर्षांचं मनातलं बोलायला लागलो : त्यांच्यामुळं माझं घर कसं उभं राहिलं, आसगाव, ओसरी, सगळं. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. ते नेहमीसारखे ऐकताहेत, या समजुतीनं मला आणखीच भरून आलं आणि मी आणखीच बोलू लागलो.

विमलनं माझा शर्ट मागून ओढला. "अवो, ते कवाचे झोपले," ती म्हणाली. "तुमी कोनाले सांगून राहिले?"