लीलाकाकूंची मूद

लीलाकाकूंवर मी लिहावं असं माझं त्यांच्याशी काही नातं नाही. त्यांनी शाळेत शिकवलेले विद्यार्थी नगरमध्ये पुष्कळ आहेत, तो अधिकार त्यांचा. मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या स्वयंपाकघराबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल... कारण तिथे जे बिघडलं, ते बहुतेक मीच खाल्लं.

काकूंची मुलगी गौरीताई जपानमध्ये असते. गेल्या उन्हाळ्यात ती सात वर्षांच्या मीराला घेऊन आली होती. मीराचा जन्म तिकडचाच. काकूंनी पुरणपोळी केली, थालीपीठ केलं, वरणभात केला. ताट तसंच्या तसं परत यायचं. पोरगी बिस्किटांवर राहिली. त्या दोघी गेल्यावर काकू मला एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला नाही रे." मीरा पुढच्या मे महिन्यात परत येणार होती. तोवर काकूंना ओनिगिरी शिकायची होती... म्हणजे भाताचा तिकोनी गोळा, आत काहीतरी आंबट-खारट, बाहेरून समुद्री शेवाळाच्या काळ्या पापडाची पट्टी. मीराच्या शाळेच्या डब्यात तीच असायची.

पापडाची पाकिटं गौरीताई ठेवून गेली होती. काकूंनी एक हुंगलं आणि लगेच फोन लावला.

"गौरे, मासळीचा वास येतोय. हे नक्की शाकाहारी ना?"

"आई, पाण्यातलं शेवाळ आहे ते."

"मग देवापुढे ठेवलं तर चालेल?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

सुरुवातीला कितीतरी दिवस गोळा वळेचना. काकूंचा हात मोकळ्या भाताचा. जुना तांदूळ आणायचा, शीत न् शीत सुटं ठेवायचं, वरून तूप सोडायचं, हे आयुष्यभराचं वळण. त्यात मोदक वळताना लावतात तसं त्या तळहाताला तूप लावायच्या. गोळा हातातून निसटायचा, पापड चिकटायचा नाही. "जन्मभर भात चिकटू नये म्हणून धडपडले, आता चिकटावा म्हणून धडपडतेय," असं म्हणत तो सगळा भात माझ्या डब्यात भरायच्या. छान झालं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "तोंडावर कुणीही गोड बोलतं. डबा रिकामा आला की मी समजेन." मी कधी भरलेला परत आणला नाही. मेसच्या पातळ आमटीपुढे तो बिघडलेला भातही मला सणासारखा होता, हे सांगायचं मात्र राहिलं...

शेवटी त्यांनी तूप सोडलं. नवा इंद्रायणी तांदूळ आणला, हात नुसत्या मिठाच्या पाण्याने ओले केले. वरणभाताला पाडतो तशी वाटीने आधी मूद पाडली, मग बोटांनी तिला कोपरे काढले. आत आपलं लिंबाचं गोड लोणचं. पहिली देवापुढे ठेवली आणि जिन्यातून मला हाक आली, "अंकुश, जमली बघ!"

माझे आईवडील तेव्हा पाथर्डीहून कोपरगावकडे ऊसतोडीला गेले होते. मी त्यांना भेटायला निघालो, तर काकूंनी डबा भरून दिला. फडाच्या कडेला बसून आईने गोळा उलटसुलट करून पाहिला. "भाताचा लाडू व्हय रं ह्यो?" वडील म्हणाले, "लाडू कशाचा, मोळी हाय. बांधलीया बघ कशी!" दोघांनी सगळं संपवलं. "बाईंला सांग, लोनचं लई भारी हुतं," आई म्हणाली. मी तिथूनच फोन केला. मोळी ऐकून काकू खूप हसल्या. मग विचारलं,

"डबा?"

"रिकामा, काकू."

"मग मीरा खाईल."

मी अजून कोपरगावलाच होतो, तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला. काकू सकाळी झोपेतून उठल्याच नव्हत्या.

गौरीताई एकटीच आली. दिवसकार्य झाल्यावर ती स्वयंपाकघरात नुसती उभी होती. मी तिला ती वाटी दाखवली, मिठाचं पाणी, इंद्रायणी... जेवढं पाहिलं होतं तेवढं करून दाखवलं. माझी मूद वाकडीच आली. जाताना तिने वाटी आणि लोणच्याची बरणी सामानात घेतली.

काकूंचा डबा माझ्याकडेच राहिला. तो धुतला की अजूनही पाय आपोआप जिन्याकडे वळतात. परवा असाच तो हातात असताना गौरीताईचा मेसेज आला. फोटोत एक छोटा निळा डबा, त्याच्या कोपऱ्यात लिंबाची एक बी. खाली लिहिलं होतं, "हे आईला सांगायचं होतं, म्हणून तुला सांगते. मीराचा डबा आज रिकामा आला."