चिवडा सांभाळणारा

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. गोष्ट छोटी आहे, पण आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळींत ती उलटी पसरली आहे, आणि पसरवणारा मीच.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं भूमध्य समुद्रातल्या मिनॉर्का बेटावर गेलो होतो. पाइनच्या झाडीतून अर्धा तास चालल्यावर दोन पांढऱ्या कड्यांच्या मध्ये एक चिमुकली पुळण लागली. लाट म्हणावी अशी नव्हतीच. पाणी इतकं नितळ, की नांगरलेल्या एका होडीची सावली थेट तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती.

बायको ओढणी कमरेला बांधून सरळ पाण्यात शिरली. लहानपणी माहेरच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून ती पोहायला शिकली होती. मी घोट्याएवढ्या पाण्यात थबकलो.

"अहो, या की. जन्मभर समुद्रातल्या तेलविहिरींची ड्रॉइंग्ज काढलीत ना?"

"काढली. ऑफिसात बसून."

"मग तिथेच बसा. चिवडा सांभाळा."

मी बसलो. ती कड्यापर्यंत पोहत गेली, उताणी होऊन तरंगत राहिली. परत येऊन ओल्या हातानंच तिनं चिवड्याचा बकाणा भरला. इतकी खूश ती मला क्वचितच दिसली असेल. मीही खूश होतो. तेही खरंच आहे.

परतल्यावर मंडळींच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी विचारलं, "काका, पोहलात की नाही?"

"मी मस्त पोहलो. ही मात्र घाबरून चिवडा सांभाळत बसली."

सगळे हसले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मऊ पडला असता ना."

घरी येताना गाडीत मात्र म्हणाली, "पुढच्या वेळी गोष्टीत मला निदान गुडघाभर पाण्यात तरी उतरू द्या."

मी उतरू दिलं नाही. दर गणपतीत ती गोष्ट व्हायची, आणि मऊ पडल्याचं वाक्य ती न चुकता पुरवायची. ती गेल्यावर तिच्या आठवणी निघाल्या, तेव्हाही कुणीतरी हीच गोष्ट प्रेमानं सांगितली. मी मान डोलावली.

मागच्या शनिवारी नात स्विमिंगच्या क्लासला पूलच्या काठावरच बसून राहिली. "आय ॲम लाइक आजी," म्हणाली. मग तिथेच, तिच्या शेजारी बसून, तिला खरं काय ते सांगितलं.

"सो यू वर द स्केअर्ड वन?"

"हो."

तिनं थोडा विचार केला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली.

जिला सांगायला हवं होतं, तिला मात्र सांगायचं राहिलंच. हॉस्पिटलात एकदा सुरुवात केली होती. "अगं, ते चिवड्याचं..." तर म्हणाली, "आधी जेवून या." जेवून आलो तोवर तिला झोप लागली होती. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: घाबरलो मी होतो, तू फार सुंदर पोहत होतीस, चुकलं माझं.