तिसरी प्रत सौंसरला

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये सर्व्हरची डिस्क भरली की जुनं काढून टाकतो. किस्से मात्र कोणी डिलीट करत नाही, म्हणून साचत गेले. बहुतेक ढोते काकांचेच! काका सेंटरचे इन्चार्ज, मी त्यांच्या हाताखालची इंजिनिअर.

*

आमच्या चाळीस विद्यार्थ्यांसमोर नुसते स्क्रीन. प्रत्येकाचा खरा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हरवर साठवलेली एक मोठी फाइल, म्हणजे इमेज; ती वाचून स्क्रीनवर त्याची मशीन सुरू होते. काका पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "प्रत्येकाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरवर!"

एकदा मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिन्ही सर्व्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर!

*

काकांशी भांडून एक सर्व्हर सावरगावच्या आणि एक सौंसरच्या शाखेत हलवला. झालं! मशीन सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागायला लागली.

"पाठव अजून सौंसरले!" काका म्हणाले.

त्यातच परीक्षा आली. मशीन अशाच रखडल्या तर सगळ्यांना पेपर द्यायला छिंदवाड्याला जावं लागणार होतं. तिगावची पौर्णिमा म्हणाली, "मॅडम, घरचे मले तितकं दूर पाठवत नाहीत. माहं वर्ष जाईन."

*

शोधलं तर काय, प्रत्येक मशीन इमेज वाचायला सौंसरलाच जात होती. तीच इमेज इथंच टेबलाखालच्या सर्व्हरवर असताना!

"काका, हे कोणी सेट केलं?"

"मीच. तिथला सर्व्हरचा डब्बा नवा आहे ना!"

जवळची प्रत वाचायला लावली. दोन मिनिटांत सुरू!

*

काम सेव्ह करताना मात्र अडकायचंच. तिन्ही ठिकाणी लिहून झाल्याशिवाय सर्व्हर पुढे सरकत नव्हता. म्हटलं, दोन ठिकाणी लिहिलं की पुरे, सौंसर मागून गाठेल.

काका भडकले. "पंगतीत तिसरा पाहुणा यायचाच आहे, अन् तू वाढून राहिली?"

"दोघं उपाशी बसलेत, काका! तिसऱ्याचं ताट झाकून ठेवते ना!"

काका म्हणाले, "ठेव. पण विसरू नको."

*

परीक्षेच्या दिवशी काका आलेच नाहीत. म्हटलं, बरं झालं, डोक्याला कटकट नाही! चाळीसच्या चाळीस मशीन सुरू. पौर्णिमा पेपर सबमिट करून हसतच बाहेर आली.

मी काकांना फोन लावला. "कुठं आहात?"

"सौंसरले. सकाळपासून सर्व्हरपाशी बसून राहिलो."

"मग, ठीक आहे ना सगळं?"

"कायचं ठीक! लाइट साडेदहालेच गेली, पेपर चालू असतानाच. इन्व्हर्टरबी बसला. सर्व्हर बंद आहे."

"म्हणजे पेपर दोनच प्रतींवर निभावला? अन् तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तू परीक्षा थांबवली असती ना, पोरी!"