तिला सापडलेला बग

माझी चुलत बहीण आमच्या कंपनीत लागली ती माझ्याच शब्दावर. ड्रायव्हरचा, म्हणजे चिपसारखे भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड कसा वाचायचा, हे तिला मी शिकवलं, नागावच्या घराच्या पडवीत बसून. म्हणून तो बग तिला सापडला तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

मासेमारीच्या होड्यांसाठी आम्ही हातात मावणारं, ठिकाण दाखवणारं यंत्र बनवत होतो. बॅटरी वाचवायला ते झोपायचं, स्क्रीनला बोट लावलं की उठायचं. समुद्रावर मात्र कधीकधी उठल्यावर स्क्रीन उजळायची, पण बोटाला दाद द्यायची नाही. माझ्या टेबलावर ते एकदाही अडलं नाही. मी कोडमध्ये जागोजागी उशीर घालून पाहिला, चिप बनवणाऱ्यांना बोल लावला.

एका दुपारी नागावच्या घरी, काकूच्या होमस्टेच्या पाहुण्यांची भांडी विसळून ती माझ्याकडे आली आणि हात न पुसताच तिने यंत्र उचललं.

"ताई, बघ, मेलं!"

पाण्याचे थेंब! ओल्या स्क्रीनमुळे चिप सारखी इंटरप्ट देत होती, म्हणजे कर्नलला, यंत्राच्या मूळ प्रणालीला, हाका मारत होती. जाग येताना इंटरप्ट आधी सुरू होत होते आणि चिपशी बोलायची तारांची वाट, म्हणजे बस, मागाहून. हाकेला ओ देणारा आमचा कोड, हँडलर, झोपलेल्या बसवर चिपला विचारायचा, उत्तर येईना म्हणून 'हे माझं नव्हे' सांगून परतायचा. असं फार वेळा झालं की कर्नल चिपच्या हाकांची ती लाइनच बंद करून टाकायचा. यंत्राच्या नोंदींत, लॉगमध्ये, हे सगळं होतं. तिने ते चहा उकळेपर्यंत वाचलं.

झोपताना इंटरप्ट बंद करायचा, बस उठल्यावर चालू करायचा, एवढीच तिची दुरुस्ती. ऑनलाइन मीटिंगमध्ये तिचं कौतुक झालं. काकूने शेजारीपाजारी सांगितलं. मी कॅमेरा बंद ठेवून "छान" म्हटलं.

मग मी तिच्या कोडमध्ये खोट शोधायला बसले आणि मिळाली. इंटरप्टच बंद केल्यावर बोट लावून यंत्र उठणार कसं? ते आता फक्त बटणाने उठत होतं, आणि जाळं ओढणाऱ्याने बटण कुठे शोधायचं? मला इतका आनंद झाला की तिला तसाच फोन लावला.

"अगं व्हय की!" ती हसली. "मग काय करायचं?"

"लाइन चालूच ठेव. बस उठेपर्यंत हँडलरला थांबायला लाव."

"ताई, तूच लिही ना. दोघींचं नाव घालू."

मी लिहिलं. ओल्या हातांनी तपासलं, यंत्र दरवेळी उठलं. दोघींच्या नावाने ते स्वीकारलंही गेलं. पण चूक दाखवल्यावर ती जशी मोकळेपणाने हसली, तसं मला तिच्या जागी हसता आलं नसतं. बगपेक्षा मला आता त्या हसण्याचाच जास्त हेवा वाटतो.