करगोट्याची किल्ली

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाची सगळी पुस्तकं माझ्या ताब्यात होती. वाचता मला त्यातलं एकही येत नव्हतं. म्हणून तर साहेब लोकांनी कपाट माझ्या आलमबागच्या रेल्वे क्वार्टरात आणून ठेवलं. "हा वाचत नाही, म्हणजे पुस्तकं दाबूनही ठेवणार नाही." किल्ली माझ्या करगोट्याला.

त्र्याण्णव साली पोरीचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. बापाच्या संमतीचा कागद आला, पंधरा दिवसांत परत पाठवायचा. एकटी पोर एवढ्या लांब, लोक काय म्हणतील? "हरवला कुठंतरी," मी म्हटलं. ठेवला होता कपाटात, जाड्या पुस्तकांच्या मागं. तेव्हापासून कपाट मीच उघडायचो, कोणाला जवळ फिरकू देत नव्हतो.

त्याच आठवड्यात मंडळात एका कादंबरीवरून भांडण पेटलं. त्यातली पोरगी मास्तरीण व्हायला घर सोडून जाते. एक साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "असलं पुस्तक आपल्या मुलींच्या हाती नको!" मला हुकूम सुटला, कोणाला द्यायचं नाही. "जी साब," म्हटलं आणि घरी येऊन पोरीलाच दिलं. एवढं काय आहे त्यात, ऐकू तरी!

रोज संध्याकाळी बायको भाजी निवडायची, पोरगी मोठ्यानं वाचायची. त्यातला बाप पोरीला कोंडतो, तिची पत्रं चुलीत घालतो. माझं डोकंच फिरलं.

"अरे हरामखोरा, पोरगी आहे का म्हैस, दावणीला बांधायला?"

मग साहेबांवर घसरलो. मी चौदाव्या वर्षी साताऱ्याहून पळालो, आईलाही न सांगता, बिनतिकीट. गणपतीत हेच साहेब मला स्टेजवर चढवून ती गोष्ट ऐकतात, टाळ्या पिटतात. पोरगा पळाला तर हिंमतवाला! आणि ही पुस्तकातली पोरगी चिठ्ठी ठेवून, दिवसाढवळ्या गेली तर बिघडलेली? पळून मी तरी काय दिवे लावले? वर्कशॉपात झाडू मारतोय. ती निदान चार पोरं शिकवेल.

"तिचा कागद दाबायचा तुला हक्क कोणी दिला रे!" पुस्तकातल्या बापावर मी परत असा ओरडलो की शेजारचे भैया दारात आले. "सब ठीक है ना, चाचा?"

पोरीनं पुस्तक मिटलं. माझ्याकडं बघेचना. बायकोनं मेथी बाजूला सारली आणि हात पुढं केला.

"झाल्या त्या बापाला शिव्या देऊन? आता किल्ली सोडा."