दुसरी ट्रॉली

उसाचा ट्रॅक्टर पाथरीच्या चौकात हळू झाला, की मागून ऊस ओढायचा, हा आम्हा बायकांचा लाडका उद्योग. मी तेव्हा चाळिशीची, दोन लेकरांची आई, पण अक्कल तेवढी घरी ठेवून निघायचे. एकदा असाच ऊस ओढला, ऐटीत पाऊल टाकलं आणि पहिल्या ट्रॉलीमागं दुसरी असते, हे साफ विसरले.

मनगटाला हिसका बसला. चाक पदराला घासून गेलं. मी कडेच्या धुळीत, बांगड्यांचा चुरा, हातात ऊस मात्र शाबूत.

ओढलं होतं चौकातल्या कासारणीनं. "दुसरी ट्रॉली बघ की गं बाई! बांगड्या वाढल्या तर वाढू दे, तू हायस." लगेच नव्या भरायला बसली. माझा हात थरथरतोय आणि ही म्हणते, "लय हलू नको, ह्या बी फुटतील."

त्या चौकात कधी उतरला असाल, तर तुमचंही मनगट तिनं धरलं असेल. कोणी रस्त्याकडेला घुटमळलं की दुकान सोडून उठायची. तहसीलदार असो की म्हातारी, "हात दे."

पुढं रस्ता चौपदरी झाला. मधला दुभाजक वीतभर. पुढून बस, मागून जीप, मधे आपण वाळत घातलेल्या लुगड्यासारखे फडफडत. एकदा दोघी तिथं अडकलो, तेव्हा तिचीच पकड कापत होती. "हात दोनच हायत गं माझे. बाकीच्यांनी काय करायचं?" तिला घाबरलेली पाहिली आणि माझा उरलासुरला धीर गेला.

बायकांनी अर्जावर अर्ज केले, तेव्हा इंजिनिअर आला. "मावशी, माणसं नेमकी कुठं अडकतात?" तिनं एका हातात त्याला धरलं, दुसऱ्यात मला, आणि रस्त्यात उतरली. "साहेब, ही बाई जिथं किंचाळंल, तिथं ओटा करा."

मी किंचाळले. आज रस्त्याच्या मधोमध रुंद ओटा आहे, अलीकडं-पलीकडं गतिरोधक, पांढरे पट्टे. आधी अर्धा रस्ता, मग दम, मग उरलेला अर्धा. ओटा माझ्या किंकाळीच्या जागेवर आहे, हे मी सगळ्यांना सांगते. तो झाला त्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. दुकानाचं शटर अजून बंदच आहे.

परवा ओट्यावर उभी होते. उसाचा ट्रॅक्टर आला, पहिली ट्रॉली पुढं गेली. शेजारची कॉलेजातली पोरगी पुढं सरकली. मी तिचं मनगट गच्च धरलं आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली,

"आजी, सोडा की आता. दुसरी ट्रॉली कवाच गेली."